बिनहिशोबी रकाना

कोल्हापुरात रविवारी घरात मटण शिजलं नाही तर शेजारी विचारतात, “कोण आजारी हाय काय?” २०२१ च्या जूनमध्ये आमच्याकडे असे तीन रविवार लागोपाठ गेले. कोरोनाच्या निर्बंधांचं निमित्त होतं म्हणून कुणी विचारलं नाही. फक्त आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, आमटीत भाकरी कुस्करत म्हणाल्या, “सरकारनं मटान बी बंद केलंय व्हय?” ह्यांनी ताटातून मान वर केली नाही. त्या रात्री पोरगा झोपल्यावर ह्यांनी कपाटातल्या फायलींमागून क्रेडिट कार्डाची बिलं काढली आणि माझ्यापुढे ठेवून गॅलरीत जाऊन उभे राहिले.

१ लाख १२ हजार. हे कार्ड घरात आहे एवढंच मला माहीत होतं.

ह्यांचं उद्यमनगरात भाड्याच्या शेडमध्ये दोन लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रांवर, जॉबवर्क चालायचं. फौंड्रीतून कास्टिंग यायचं, मशीनिंग करून परत द्यायचं. २०१९ मध्ये गाड्यांचा बाजार बसला, काम निम्म्यावर आलं. ऑगस्टात महापूर आला. त्यातून मान वर काढतोय तोवर मार्चमध्ये टाळेबंदी. कामावरच्या पोरांचा पगार, शेडचं भाडं, वीजबिल कार्डावर आणि उसनवारीवर चाललं होतं. तेव्हा रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० असे सहा महिने हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली होती, ती ह्यांनी कार्डासाठी घेतली. हप्ता पुढे गेला, व्याज जागेवर बसून वाढत राहिलं. सवलत संपली त्याच सप्टेंबरात मी गळ्यात ओळखपत्र अडकवून, हातात ऑक्सिमीटर घेऊन ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’चा सर्व्हे करत दारोदार फिरत होते. लोकांच्या घरातल्या माणसांची संख्या, वय, आजार सगळं फॉर्मवर लिहीत होते. माझ्याच घरात काय चाललंय ते लिहायला रकाना नव्हता.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. २००८ साली तीन हजार मानधनावर शिक्षणसेवक म्हणून लागले. आता सहावी-सातवीला गणित शिकवते. सातवीच्या पुस्तकात बँक आणि सरळव्याज असं प्रकरण आहे. मुद्दल, दर, मुदत गुणा, शंभराने भागा. आठवीत चक्रवाढ येतं. ज्या व्याजावर आपलं सगळं आयुष्य चालतं, ते हप्त्याचं गणित मात्र मी ना शिकले, ना शिकवलं. त्या रात्री पहिल्यांदा ते मांडायला बसले. शाळेसाठी घेतलेल्या वह्यांतली एक दोनशे पानी निळी वही काढली, वर तारीख टाकली: १३ जून २०२१.

पहिल्या पानावर पाच आकडे आहेत. घराचं कर्ज १६ लाख ७ हजार. आमच्या पगारदारांच्या पतसंस्थेचं कर्ज २ लाख ४० हजार, दुसऱ्या लेथसाठी माझ्या नावावर काढलेलं. माझ्या पाटल्यांवरचं सोनेतारण १ लाख १० हजार. कार्ड १ लाख १२ हजार. आणि शेवटी नुसतं ‘मोठे भावजी, ५० हजार’. बेरीज २१ लाख १९ हजार. पतसंस्थेचे ७ हजार पगारातूनच कापून जायचे आणि खात्यावर ४४ हजार यायचे, तेही शालार्थची, म्हणजे शिक्षकांच्या ऑनलाइन पगाराची, बिलं वेळेवर निघाली तर. त्यातून घराचा हप्ता १६ हजार ७७८. कार्डाचे किमान म्हणून ५ हजार ६००. उरलेल्या साडेएकवीस हजारांत चार माणसं, नववीतला पोरगा आणि आत्तींच्या बीपी-शुगरच्या गोळ्या.

बेरीज बघून मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी भीती वाटली. भीती वाटली ती आकडे फोडल्यावर.

कार्डाचं आधी सांगते. महिन्याला साडेतीन टक्के व्याज, म्हणजे ३ हजार ९२० रुपये. त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी, आणखी ७०६. आम्ही इमानदारीत ५ हजार ६०० भरत होतो, त्यातले ९७४ रुपये मूळ रकमेतून कमी होत होते. शिवाय बिल पूर्ण भरलं नाही की बिनव्याजी दिवस संपतात. त्या महिन्यात कार्डावर घेतलेल्या किराणालाही पहिल्या दिवसापासून व्याज. ह्यांना वाटत होतं, आपण हप्ता चुकवत नाही म्हणजे कर्ज फिटतंय.

घराचं त्याहून वेगळं दुखणं. २०१६ मध्ये १८ लाख काढले होते, साडेनऊ टक्के, वीस वर्षं. पहिल्या हप्त्यातले १४ हजार २५० व्याजात गेले आणि अडीच हजार मुद्दलात. पाच वर्षांत साठ हप्ते भरले, दहा लाखांच्या वर पैसे गेले, आणि मुद्दल दोन लाखांनीसुद्धा हललं नव्हतं. यात फसवणूक काही नाही. उरलेल्या रकमेवर व्याज, एवढा साधा नियम आहे. पण साठ महिने हप्ता कापला गेल्याचा मेसेज वाचून ‘चला, एक झाला’ म्हणणारी मी, सातवीला गणित शिकवणारी, एकदाही मुद्दलाचा रकाना बघायला गेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या शिक्षिकेच्या हप्त्याचा दर विचारला. तिने नुकतंच कर्ज घेतलं होतं, सात टक्क्यांच्या आत. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ती बँकांना कर्ज देते तो दर, तेव्हा ४ टक्के होता, मे २०२० पासून. आणि आम्ही साडेनऊच भरत होतो. ज्या वित्तसंस्थेचं कर्ज होतं तिच्या कचेरीत गेले. काउंटरवरचा मुलगा फार सभ्य होता. म्हणाला, “मॅडम, काही हजार शुल्क भरून नव्या दरात येता येतं.”

“मग इतके दिवस सांगितलं का नाही?”

“तुम्ही विचारलं नाही ना, मॅडम.”

माझ्या वर्गातली पोरं हे उत्तर देतात तेव्हा मी त्यांना बाकावर उभं करते. इथे शुल्क भरलं. दर ७.४ झाला. हप्ता कमी करू का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, हप्ता तोच ठेवा. तेवढ्यानेच १८० राहिलेले हप्ते १४५ वर आले. अर्ध्या तासाच्या कामात पस्तीस हप्ते गेले. भाजीवालीशी कोथिंबिरीसाठी घासाघीस करण्यात मी आयुष्यातले किती अर्धे तास घालवले असतील!

काटकसरीचं विचाराल तर केली. आत्तींच्या गोळ्या जनऔषधी केंद्रातून आणायला लागलो, तिथे खरंच मोठा फरक पडला. वर्षाचे गहू-तांदूळ मे महिन्यात भरले, चटणी डंकावर कुटून आणली. मटण महिन्यातून एका रविवारी, बाकीच्या रविवारी अंड्याचा रस्सा, आत्तींच्या भाषेत ‘फसवा रस्सा’. पण भाजीत जिरं कमी टाकून २१ लाख फिटत नाहीत. फिटतात ते मोठं काहीतरी हातातून सोडलं तरच.

आम्ही सोडलं ते सोनं आणि लेथ.

पाटल्या माझ्या आईने घातलेल्या. चार तोळ्यांच्या. दोन वर्षं त्या बँकेच्या तिजोरीत मोहोरबंद पाकिटात होत्या आणि आम्ही दरवर्षी व्याज भरून नवं-जुनं करत होतो. मोडायचं नाही आणि सोडवायचंही नाही. वहीत सोनेतारणाच्या ओळीपुढे मी लिहिलं, ‘विकणे’, आणि ह्यांना वही दाखवली. ह्यांनी एवढंच विचारलं, “तुझ्या आईला काय सांगायचं?” त्याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. आईला आजतागायत वाटतं, पाटल्या लॉकरमध्ये आहेत.

गुजरीतल्या एका सराफाने बँकेत येऊन रक्कम भरली, पाकीट सोडवलं आणि दुकानात नेऊन आमच्यासमोर तोडलं. घडणावळीचे पैसे गेले, घट धरली. सगळं वजा जाता १ लाख ७० हजार झाले. १ लाख १० हजार सोनेतारणाचे त्याचे त्याने घेतले आणि ६० हजार माझ्या हातात दिले. तेवढे पैसे मी संध्याकाळच्या आत कार्डात भरले, कारण रात्र गेली असती तर माझा विचार बदलला असता.

२०२५ मध्ये सोन्याचा भाव दहा ग्रॅमला लाखाच्या वर गेला, तेव्हा शाळेत मधल्या सुट्टीत सगळ्या जणी आपापल्या दागिन्यांच्या किमती काढत होत्या. मीही काढली, मनातल्या मनात. मग घरी येऊन वहीच्या मागच्या पानावर दुसरं गणित केलं: ते ६० हजार कार्डात न भरता तसेच राहिले असते तर साडेतीन टक्क्यांनी आणि जीएसटीने आज किती झाले असते. आकडा पाटल्यांच्या भावापेक्षा मोठा निघाला. तरी झोप लागायला उशीर झाला तो झालाच.

लेथ ऑगस्टमध्ये गेले. नवा इचलकरंजीच्या माणसाने नेला, जुना जवळजवळ भंगाराच्या भावाने. आलेल्या पैशातून ह्यांनी आधी दोन्ही पोरांचा थकलेला पगार दिला, मग शेडचं भाडं, मग वीजबिल. उरलेल्या ५४ हजारांत कार्ड मिटलं. ते मी कात्रीने कापलं. ह्यांनी शेडची किल्ली मालकाला दिली आणि पायी घरी आले, उद्यमनगर ते घर. गाडी तिथेच विसरले होते.

खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते, आणि ती माझ्याबद्दल फार चांगली नाही.

एक पगार म्हणजे एक माणूस देणारा आणि बाकीचे मागणारे. इतकी वर्षं हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, कारण ह्यांचा पैसा येत होता, अनियमित का असेना. आता मी रोज रात्री वही उघडून बसायचे आणि प्रत्येकाने दिवसाचा खर्च सांगायचा असा नियम केला. नियम चांगलाच होता. पहिल्या दोन महिन्यांत कळलं की आमचे महिन्याला दोन हजार नुसते ‘किरकोळ’मध्ये जातात. पण वहीच्या त्या पानांवर अशाही ओळी आहेत: ‘चहा १०’, ‘दाढी ६०’, ‘चहा १०’. बावीस वर्षं स्वतःच्या कमाईवर जगलेल्या माणसाने बायकोपुढे उभं राहून सांगितलेल्या. हे घर सांभाळायचे, आत्तींना दवाखान्यात न्यायचे, दुपारचा स्वयंपाक शिकले होते. सोसायटीतले लोक “साहेब घरीच?” म्हणायचे त्याला हसून उत्तर द्यायचे. एका सकाळी म्हणाले, “पेट्रोलला दोनशे देतेस काय?” माझ्या तोंडातून निघून गेलं, “कशाला?”

ह्यांनी खिशातून घडी घातलेल्या चार पावत्या काढून टेबलावर ठेवल्या. मागच्या महिन्याच्या. एक शब्द बोलले नाहीत.

तरी मी शहाणी झाले नव्हते. झाले त्यानंतर आठवड्याने. पोरगा भूमितीची वही आणायला गेला होता. परत आला, सुटे पैसे आणि दुकानाची चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली आणि हात मागे बांधून उभा राहिला. मुख्याध्यापकांच्या खोलीत उभं राहतात तसा. मी मोजेपर्यंत हलला नाही.

इतिहासाचा तास मला कधीकधी बदली म्हणून घ्यावा लागतो. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला, तो तिथून पुणे-नगरच्या गावागावांत पसरला. मुलांना यात मारामारी ऐकायची असते. मला मात्र यातली एक गोष्ट लक्षात राहिली: लोकांचा रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या कागदांवर होता. खतं, रोखे, वह्या काढून त्यांनी त्यांची होळी केली. इंग्रजांनी चौकशी केली, १८७९ ला शेतकऱ्यांसाठी कायदा आणला. दामदुपटीचा जुना नियमही याच मातीतला, थकलेलं व्याज मुद्दलापेक्षा जास्त एका वेळी मागायचं नाही. त्या रात्री निळी वही उघडली आणि वाटलं, ही आज चुलीत घातली तर या घरातल्या तिघांना बरं वाटेल. बँकेचं कर्ज आम्हा सगळ्यांवर होतं, पण घरातला सावकार मी झाले होते.

वही जाळली नाही. तिच्याशिवाय आम्ही पुन्हा कपाटातल्या फायलींमागे गेलो असतो. तिच्यात एक रकाना वाढवला: बिनहिशोबी. महिन्याच्या सुरुवातीला ह्यांचे पाचशे, माझे पाचशे, आत्तींचे तीनशे, पोराचे दोनशे. दीड हजार. कशाला, कुठे, कुणाला, काही विचारायचं नाही आणि कुणी सांगायचंही नाही. आर्थिक सल्ले देणाऱ्यांना हा खर्च बिनडोक वाटेल, कारण तेच दीड हजार घराच्या मुद्दलात भरले असते तर काही हप्ते कमी झाले असते. झाले असते. मी मोजले आहेत. आणि वही त्या महिन्यापासून ह्यांच्याकडे दिली. पगार माझा, हिशोब ह्यांचा. आता पेट्रोलचे पैसे मला मागावे लागतात.

पहिल्या महिन्यात आत्तींनी तीनशे रुपये घेतले नाहीत. “मला काय करायचेत?” म्हणाल्या. दुसऱ्या महिन्यात घेतले, रुमालात गाठ मारून ठेवले. दिवाळीला नणंद आली तेव्हा निघताना तिच्या मुठीत ती गाठ गेलेली मी स्वयंपाकघराच्या दारातून बघितली. बघितलं नाही असं केलं. पोराचे दोनशे कशात जात होते ते मला आजही माहीत नाही, आणि त्यामुळे आमचं बरं चाललं आहे.

मोठ्या भावजींच्या पन्नास हजारांवर व्याज शून्य होतं. गणिताने सांगितलं असतं, ते सगळ्यात शेवटी द्या. पण भावजींकडे ह्यांनी सण टाळायला सुरुवात केली होती. गणपतीला गेलो तर ते काही बोलले नाहीत, जाऊबाईही नाहीत, आणि तेच जड होत होतं. कार्ड मिटल्यावर सुटलेल्या पैशातून शाळेतल्या बारा जणींच्या भिशीत चार हजारांनी शिरले. चिठ्ठीत माझा नंबर नवव्या महिन्यात होता. मी दोघींना घरची परिस्थिती सांगितली. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला सांगितली. फेब्रुवारीचा नंबर जिचा होता तिने तो मला दिला, वर म्हणाली, “अगं, आमचं बी तेच चाललंय.” भिशीचे ४८ आणि वर दोन हजार घालून ह्यांनी भावजींना पाकीट दिलं. भावजींनी मोजलं नाही. ह्यांनीच सांगितलं, मोजा. मग दोघे गल्लीत जाऊन उभे राहिले, बराच वेळ, कुस्तीबद्दल बोलत.

त्यानंतरची वर्षं सांगण्यासारखी नाहीत, कारण त्यांत काही घडलं नाही. मे २०२२ पासून रेपो वाढायला लागला, फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहावर गेला आणि आमचा कमावलेला दर परत नऊच्या पलीकडे. हप्ता तोच, मुदत गुपचूप लांबलेली. मोबाईलवर एक इंग्रजी मेसेज आला तेवढंच. यावेळी मी विचारायला गेले. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनेच सांगितलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा. महागाई भत्त्याचा फरक, सातव्या वेतन आयोगाच्या फरकाचे हप्ते, जे आलं ते आठवड्याच्या आत मुद्दलात गेलं. बदलत्या दराच्या घरकर्जाला आधी पैसे भरले म्हणून दंड नसतो, एवढं आता माझ्या सगळ्या मैत्रिणींना पाठ आहे, मी इतकी बडबडले आहे. २०२४ च्या नोव्हेंबरच्या पगारपत्रकात पतसंस्थेच्या कपातीपुढे शून्य आलं. मी ते पत्रक दोन दिवस पर्समध्ये घेऊन फिरले.

घराचे साडेदहा लाख राहिलेत. पोरगा आयटीआयनंतर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मटण आता महिन्यातून दोनदा.

परवा वही चाळताना शेवटच्या पानावर पेन्सिलने लिहिलेलं काहीतरी दिसलं. ह्यांचं अक्षर. वर ‘जुना लेथ, सहा फुटी’ आणि एक किंमत. खाली एका फायनान्सवाल्याने सांगितलेला दर, बारा टक्के फ्लॅट, म्हणजे शेवटपर्यंत सगळ्या मूळ रकमेवर, दोन वर्षं. त्यापुढे ह्यांनी काट मारून स्वतः मांडलेलं गणित होतं: लाखाला महिना ५ हजार १६७, म्हणजे उरलेल्या रकमेवर धरलं तर साडेएकवीस टक्क्यांच्या वर. मी तपासलं, बरोबर होतं. त्याखाली पतसंस्थेचा दर, तो उरलेल्या रकमेवरचा, आणि पुढे कंसात माझं नाव, प्रश्नचिन्हासह. कारण पतसंस्थेचं कर्ज मिळणार ते माझ्याच पगारावर.

पेन्सिल खोडता येते म्हणूनच वापरली असणार. मी त्या पानावर अजून काही लिहिलेलं नाही, आणि ह्यांनीही विचारलेलं नाही. रविवारी सकाळी उठले तेव्हा हे पिशवी घेऊन मटणाला निघाले होते. महिन्यातला तिसरा रविवार, म्हणजे यादीत नसलेला. मी म्हटलं, “अहो, आज कशाला?” दारात चपला घालता घालता म्हणाले, “बिनहिशोबी.”